बाबा, पुण्याला या आणि जुनी फाइल आणा

कोथरूड, पुणे

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की आई रडायला लागते, आणि बाबा, तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहून पाठवतेय. दोघं मिळून वाचा.

चिनूचा जनुक तपासणीचा रिपोर्ट आला. त्याला फिट आली ती रक्तातलं कॅल्शियम घसरल्यामुळे. आजाराचं नाव लांबलचक आहे: ऑटोसोमल डॉमिनंट हायपोकॅल्सेमिया टाइप 1. मग माझंही रक्त घेतलं. जनुकातला तोच बदल माझ्यातही निघाला. नॉर्मल कॅल्शियम साधारण 8.5 ते 10.5 असतं, माझं 7.4. रात्री पायात गोळे येणं, ओठांभोवती मुंग्या येणं, हे सगळ्यांनाच होतं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

डॉक्टरांनी माझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला, फुगवला आणि तसाच ठेवून गप्पा मारत बसले. तीन मिनिटंही झाली नसतील, माझं मनगट खाली वाकलं, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठा तळव्यात शिरला. सोडवायला गेले तर सुटेना. बाबा, तो तुमचाच हात होता. कडाक्याच्या थंडीत दाढी करताना तुमचा हात असाच व्हायचा आणि आई तेल चोळत बसायची.

तुम्हाला लहानपणी फेफरं यायचं म्हणून आजी कांदा हुंगवायची, पुढे फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. तुमचं कॅल्शियम त्या काळी कुणी बघितलंच नसणार. आणि गंमत बघा, फेनिटॉइन ही फिटची गोळी शरीरातलं ड जीवनसत्त्व कमी करते, म्हणजे कॅल्शियम आणखी खाली. पण ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, एकदम सोडली तर खरंच फिट येते.

आजार काय आहे ते तुम्हाला चटकन कळेल, पाटबंधारे खात्यात जन्म गेलाय तुमचा. टाकीतला फ्लोट खाली बसवला तर अर्ध्या टाकीलाच मोटर बंद पडते. आपल्या गळ्यात चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, त्यांच्यावर कॅल्शियम मोजणारा असा फ्लोट असतो. आपला फ्लोट जन्मापासून खाली बसलाय. कॅल्शियम कमी असतानाही ग्रंथींना वाटतं, भरपूर आहे, आणि त्या कॅल्शियम वाढवणारं हॉर्मोन पुरेसं सोडत नाहीत. तोच फ्लोट मूत्रपिंडातही आहे, म्हणजे ओव्हरफ्लोचा पाइपही खालीच. वरून बादल्या ओतल्या तर त्या पाइपातून जातात. तुमचे मुतखडे बहुधा त्यातलेच. एक डॉक्टर कॅल्शियम वाढवायला सांगायचे, दुसरे बंद करायला, आणि आई दोघांवरही वैतागायची. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, पण फ्लोटकडे कुणी बघितलं नव्हतं.

आणि बघणार तरी कसे? हा फ्लोट शास्त्रज्ञांना सापडला 1993 साली. त्याच्यातल्या बिघाडाने हा आजार होतो हे कळलं 1994 ला. तेव्हा तुम्ही कोयनानगरला होतात आणि मी शाळेत. त्यामुळे आई, कुणामुळे झालं हा हिशेब आता बंद कर.

सध्याचा उपचार म्हणजे कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं तयार रूप), तेही हात आखडून. रक्तातला आकडा नॉर्मलच्या मध्यावर नेण्याचा हट्ट करायचा नाही, त्रास होणार नाही इतपतच वर आणायचा, नाहीतर किडनी खराब होते. म्हणून आई, बाबांचे पाय दुखले की दोन गोळ्या जास्त देणं बंद. ती प्रवाळपिष्टीही डॉक्टरांना विचारेपर्यंत कपाटात ठेव, तेही कॅल्शियमच आहे. नाचणीची आंबील चालू दे.

आता आशेचं. फ्लोट वर उचलणारी गोळी तयार होतेय, एन्कॅलेरेट. मुळात ती ठिसूळ हाडांसाठी काढली होती, तिथे चालली नाही. मग अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये आपल्यासारख्या 13 जणांना देऊन बघितली, त्यांच्या कॅल्शियमच्या गोळ्या थांबवून. रक्तातलं कॅल्शियम वर आलं आणि लघवीतलं कमी झालं. हे 2023 साली छापून आलं. ब्रिजबायो नावाच्या कंपनीने मोठी चाचणी केली, तिचे आकडे ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर झाले. नव्या गोळीवर 24 आठवड्यांनी 76 टक्के लोकांचं रक्तातलं आणि लघवीतलं, दोन्ही कॅल्शियम जागेवर होतं. नेहमीच्या औषधांवर हे जमलं होतं फक्त 4 टक्क्यांना. आकडे कंपनीनेच दिलेत, म्हणून मी थोडी हातचं राखून बोलतेय, पण फरक लहान नाही. कमी पडणारं हॉर्मोन बाहेरून टोचायची इंजेक्शनंही आहेत, पण त्यांनी फ्लोट जागचा हलत नाही.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात ती गोळी मिळत नाही. आली तरी किंमत काय असेल, विचारायची सोय नाही. पण ती येईपर्यंत तुमची किडनी शाबूत राहायला हवी, आणि माझं मागणं तेवढंच आहे.

तर बाबा, पुढच्या आठवड्यात कऱ्हाडहून सकाळची एसटी पकडा, मी स्वारगेटला येते. गुरुवार सोडून, त्या दिवशी सोसायटीत पाणी नसतं. रक्त, किडनीची सोनोग्राफी आणि चोवीस तासांची लघवी तपासायची आहे. लॅबवाले मोठा कॅन देतात, त्या दिवशी वेताळ टेकडी विसरा आणि घरात पत्ते खेळा. चिनू भिडू मिळाला म्हणून खूश आहे. लाजू नका, मीही तो कॅन भरलाय.

मुतखड्याची जुनी फाइल आणि फिटच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. पाकिटं रिकामी असली तरी चालतील.

तुमची,
वसू

ता. क. : दादालाही रक्त तपासायला सांगितलंय. हा बदल आई-वडिलांपैकी एकात असला की प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी असते. तो म्हणतो, मला काही होत नाही. काही होत नसलं तरी कॅल्शियम कमी असू शकतं, हे आई, तू सांग त्याला. माझं ऐकत नाही.