पटावर नाव नाही म्हणून उंबऱ्याबाहेर

मा. संपादक,
स. न.

अंगणवाड्यांचा पट घसरल्याची तुमची कालची बातमी वाचली. 'पालकांचा ओढा इंग्रजी केजीकडे' एवढं एकच कारण देऊन तुम्ही मोकळे झालात. ते खोटं नाही, आमच्या गल्लीतूनही रोज सकाळी पिवळी गाडी भरून जाते. पण माझी नात अंगणवाडीत जाते आणि मी तिथे जे पाहते, ते तुमच्या बातमीत कुठेच नाही.

आमच्या मदतनीस बाई निवृत्त झाल्या, त्याला सव्वा वर्ष झालं. जागा रिकामीच. वर सेविकेच्या गळ्यात शेजारच्या वस्तीवरच्या अंगणवाडीचा जादा कार्यभार. पोरं घरून आणायची तिने, झाडायचं तिने, वजन-उंची घेऊन मोबाइलवर भरायची तिने, गरोदर बायांच्या घरी भेटीही तिनेच द्यायच्या. ती बाहेर पडली की वीस-पंचवीस लेकरांजवळ कोण? कितीतरी दिवस मी बसले आहे. मग आईबाप म्हणतात, तिथे नुसती खिचडी मिळते, आणि कर्ज काढून केजीची फी भरतात.

पण मला बोलायचं आहे ते एका मुलीबद्दल. केळीच्या मळ्यात सालदार म्हणून राहिलेल्या पावरा आदिवासी कुटुंबाची, चारेक वर्षांची. कडेवर धाकटा भाऊ, हातात घरची ताटली. ओळीने सहा दिवस आली आणि उंबऱ्याबाहेर बसून आतली गाणी ऐकत राहिली. तिचं नाव धडगावकडच्या अंगणवाडीत, आणि आहार येतो पटाप्रमाणे. सातव्या दिवशी सेविकेला राहवलं नाही. 'आठे बस वं माय' म्हणून तिने पोरीला माझ्या नातीशेजारी बसवलं. नेमक्या त्याच दिवशी तपासणीला आलेल्या बाईंनी सगळ्यांदेखत सेविकेला झापलं. ती पोर घाबरून भावाला घेऊन पळाली.

पोषण ट्रॅकरवर, म्हणजे सेविका नोंदी भरते त्या मोबाइल अ‍ॅपवर, स्थलांतरित मुलाचं नाव एका अंगणवाडीतून दुसरीत हलवायची सोय आहे. मुलाचं आधार कार्ड नसलं तर आईचं चालतं. मला हे सेविकेकडून कळलं, मग तपासणी करणाऱ्यांना कळू नये? सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलापर्यंत ही सेवा पोचवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी सांगितलं. तेव्हा जन्मलेली मुलं आज मतदार झाली!

मी मळ्यात जाऊन पोरीच्या आईला भेटले. तिने एवढंच विचारलं, पुन्हा रागावतील का? मला उत्तर देता आलं नाही. नात अजून रोज तिच्यासाठी शेजारी जागा धरते.

आणखी एक. तुमच्या बातमीत या मुलांना 'बाहेरून आलेली' म्हटलं आहे. काही कुटुंबं मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडून येतात, खरं आहे. पण धडगाव नंदुरबार जिल्ह्यात आहे. सातपुड्यातला पावरा खान्देशात बाहेरचा कधीपासून झाला? त्यांच्याच हातांनी आमच्या केळीचे घड उतरतात. हा शब्द तुम्ही मागे घ्यावा.

आणि मदतनिसाची जागा कधी भरणार, हे बालविकास प्रकल्प कार्यालयाला तुम्हीच विचारा. मी तीन अर्ज दिले, एकाचीही पोच मिळाली नाही.

आपली,
एक आजी, ता. चोपडा, जि. जळगाव