सैन्य पाठवताना संसदेला विचारा

संपादक महोदय,

‘लढाईचा निर्णय सरकारचा, त्यात संसदेचं काय काम?’ असं हल्ली आमच्या माजी सैनिकांच्या बैठकीतही ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही.

जुलै 1987 च्या भारत-श्रीलंका करारानंतर जी शांतिसेना गेली, तीत मी महार रेजिमेंटचा शिपाई होतो. शांतता राखायला गेलेले आम्ही ऑक्टोबरपासून लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशी लढू लागलो. गावकरी कोण आणि बंदूकवाला कोण, कळत नसे. 25 नोव्हेंबरला 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर सुमारे 1200 जवान गेले होते. कामगिरी पार बदलली, तरी पुढे लढण्यासाठी संसदेची मंजुरी घेणं सरकारवर बंधनकारक नव्हतं. आजही नाही.

युद्धाच्या कारणावरून आणीबाणी पुकारली, तर 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनुसार महिन्याभरात दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते, तीही विशेष बहुमताने. पोरं परमुलखात लढायला धाडताना मात्र मंत्रिमंडळाचा निर्णय पुरतो. यासाठी घटना बदलायचीही गरज नाही. कलम 53 राष्ट्रपतींकडे सरसेनापतिपद देतं आणि त्या अधिकाराचं नियमन कायद्याने व्हावं असंही सांगतं. ‘युद्ध आणि शांतता’ हा विषय केंद्रसूचीत, म्हणजे संसदेने कायदे करायच्या विषयांच्या यादीत, आहेच. कायदा तेवढा करायचा राहिलाय.

आपल्यावर हल्ला झाला तर कुणी मतदानाची वाट पाहू नये. 3 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानं आली, तेव्हा उत्तर लगेच द्यायलाच हवं होतं. गुप्ततेची अडचण सांगतात, तर लोकसभेच्या नियमांत गुप्त बैठकीची सोय आहे. नोव्हेंबर 1962 मध्ये चिनी फौजा आत घुसलेल्या असताना नेहरूंनी संसद बोलावली आणि चर्चा उघडपणे होऊ दिली. सरकारवर भर सभागृहात सडकून टीका झाली. त्याने देश दुबळा झाला नाही.

जर्मनीत सैन्य परदेशी मोहिमेवर पाठवायला संसदेची संमती लागते. अमेरिकेने 1973 मध्ये संसदेच्या संमतीविना सैन्य लढवण्यावर राष्ट्राध्यक्षांना 60 दिवसांची मर्यादा घातली, पण 2011 मध्ये लिबियात ती ओलांडली गेली, तेव्हा पळवाट राहणार नाही असाच कायदा हवा.

1939 मध्ये व्हाइसरॉयने कायदेमंडळाला न विचारता हिंदुस्थानला महायुद्धात ओढलं. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यात रत्नागिरीत जन्मलेल्या बाळासाहेब खेरांचं मुंबईचं मंत्रिमंडळही होतं. आमच्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. सुभेदाराच्या या मुलाने नोव्हेंबर 1948 मध्ये घटना समितीला सांगितलं होतं की, संसदीय पद्धत स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक महत्त्व देते.

आमचा तालुका रत्नागिरी जिल्ह्यात, पण लोकसभेला रायगडात मोडतो. तेव्हा रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग, दोन्हीकडच्या खासदारांना माझी विनंती आहे. शुक्रवारी खासगी विधेयकांना वेळ असतो. परदेशात सैन्य पाठवण्याआधी मंजुरी, हल्ला झाल्यास 30 दिवसांत मंजुरी आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मतदान, एवढं त्यात घाला. मतदान नावानिशी नोंदवा. कुणी काय मत दिलं, ते जवानाच्या घरच्यांना वाचता आलं पाहिजे.

— एक निवृत्त हवालदार, महार रेजिमेंट
ता. मंडणगड, जि. रत्नागिरी