पनामिक दाखवतो म्हणून पैसे घेतलेत, नेलं मात्र नाहीत

प्रति,
व्यवस्थापक

विषय : लडाखमधल्या नुब्रा खोऱ्याच्या सहलीतून वगळलेलं पनामिक आणि तुमच्या कार्यालयाने दिलेलं उत्तर

आज दुपारच्या फोननंतर तुमच्याशी तोंडी बोलण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून लेखी कळवते आहे.

तुमच्या छापील कार्यक्रमात डिस्किटच्या पुढे ‘पनामिक – गरम पाण्याचे झरे’ असं ठळक अक्षरात आहे. त्याच ओळीसाठी आम्ही तुमची सहल निवडली. तुम्ही हुंडरच्या वाळूत उंट दाखवून गाडी खलसरवरून थेट लेहला फिरवलीत. वडिलांनी सकाळीच पंचा आणि बदलायचे कपडे पिशवीत वर काढून ठेवले होते.

तुमचे प्रतिनिधी आधी म्हणाले, रस्ता बंद होता. मी सांगितलं, तुम्ही ड्रायव्हरला पाठवलेला मेसेज मी स्वतः वाचलाय : ‘डिस्किट, हुंडर, परत लेह’. पनामिकचं नावच नाही. मग ते म्हणाले, किरकोळ बदल आहे, अटींमध्ये लिहिलेलं असतं. किरकोळ कसा, असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘मॅडम, गरम पाणी तर हॉटेलच्या बाथरूममध्येही होतं ना?’ मागे कुणीतरी मोठ्याने हसलं. फोन स्पीकरवर होता आणि वडील शेजारीच बसले होते.

लडाख विकणाऱ्या कंपनीला पनामिक काय आहे हे ग्राहकाने सांगायचं? लेहहून आता चीनमध्ये असलेल्या यारकंदला जाणारे व्यापारी काफिले ‘सासेर ला’ ही खिंड चढण्याआधी तिथे थांबत, जनावरांना चारा-विश्रांती देत. पुढे ५,५०० मीटरहून उंच काराकोरम खिंड होती. १९४९ नंतर तो व्यापार थांबला. ज्या दोन वशिंडांच्या उंटांसोबत तुम्ही आमचे फोटो काढलेत, ते त्याच काफिल्यांची शिल्लक आहेत. त्या शीत वाळवंटात, दहा हजार फुटांवर, गंधकाचं गरम पाणी आजही जमिनीतून येतं. वडिलांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. त्यांना तिथे एकदा उभं राहायचं होतं. या वयात लेह-नुब्रा वाटेवरची ‘खारदुंग ला’ खिंड पुन्हा ओलांडणं त्यांना झेपणार नाही.

पुन्हा लिहिते : रस्ता बंद नव्हता. तुम्ही ड्रायव्हरला पनामिक सांगितलंच नव्हतं.

नुब्रा मुक्कामाचे पूर्ण पैसे परत करा आणि वडिलांच्या नावे लेखी माफी पाठवा. पंधरा दिवसांत दोन्ही मिळालं नाही, तर छापील कार्यक्रम आणि त्या मेसेजचा फोटो घेऊन मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाणार आहे. आणि न्यायचं नसेल, तर पनामिकचं नाव आजच त्या कागदावरून काढा.

एक ग्राहक