शनिवारची कलादालन आणि भित्तिचित्र फेरी

सर्व सभासदांना नमस्कार. रविवार-सोमवार अनेक खासगी दालनं बंद असतात, म्हणून शनिवार ठरवला आहे. पाठीवरची सॅक दाराशी ठेवा. फ्लॅश नको. चित्राला बोटही लावू नका, त्वचेचं तेल रंगावर राहतं.

रस्त्यावरच्या चित्रांना मात्र सावकाश वेळ द्या, खरी मजा तिथेच आहे. आधी लांबून पाहा, मग जवळ जाऊन कडा न्याहाळा: स्टेन्सिलची (कापलेल्या साच्यावरून रंगवलेल्या चित्राची) कड सुरीने कापल्यासारखी, मोकळ्या हाताच्या स्प्रेची धुरकट. खळीने चिकटवलेला कागद कोपऱ्यातून सुटला असेल तर कृपया ओढू नका. ही चित्रं मुळातच अल्पायुषी असतात. अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंगने १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी स्थानकांत, जाहिरातींच्या रिकाम्या जागी लावलेल्या काळ्या कागदांवर पांढऱ्या खडूने चित्रं काढली. बहुतेक नव्या जाहिरातींखाली गेली.

फोटो टाकताना चित्रकाराचं नाव जरूर लिहा. सही बहुधा खालच्या कोपऱ्यात सापडते. दालनात काही विकत घ्यायचं नसलं तरी संकोच न करता प्रश्न विचारा, तिथली माणसं आनंदाने सांगतात. चालणं बरंच आहे, सवयीचे बूट घाला. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत नावं कळवावीत.