उंदरांच्या औषधाने घुबडही मरते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराभोवती थोडी जमीन, भाजीचे चार वाफे आणि दहा-बारा कोंबड्या असल्या की साप, मुंगूस, घुबड यांचे येणे-जाणे असणारच. ते दिसले की पहिला प्रश्न येतो, ‘यावर औषध कोणते?’ माझ्या मते इथेच गाडे चुकते. जनावर येते ते पोटासाठी, आणि त्याचे खाणे बहुतेक वेळा आपणच उघड्यावर ठेवलेले असते.

कोंबड्यांचे उरलेले दाणे रात्रभर खुराड्यात पडून राहिले की उंदीर येतात आणि उंदरांच्या वासावर धामण येते. म्हणून अंधार पडण्याआधी संपेल एवढेच खाद्य घालावे, भांडे उचलून ठेवावे आणि साठा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवावा. प्लॅस्टिकचे पिंप उंदीर कुरतडतात. सरपण घरापासून दूर, जमिनीपासून फूटभर उंच फळ्यांवर रचावे, म्हणजे खाली बिळे दिसतात.

हे न करता लोक विषाच्या वड्या टाकतात. त्यातले ब्रोमॅडिओलोनसारखे विष रक्त गोठू देत नाही, पण उंदीर मरायला काही दिवस जातात. तोवर तो खातच राहतो, त्यामुळे मरायला लागते त्याहून जास्त विष त्याच्या अंगात, विशेषतः यकृतात साठते. मग तो सुस्तावतो, उघड्यावर फिरतो आणि नेमका घुबडाच्या किंवा मांजराच्या तोंडी जातो. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते. घुबडाची पिल्ले वाढायला महिने लागतात. त्यामुळे उंदीर लवकर परततात, घुबड मात्र परतत नाही. विष थांबवून गव्हाणी घुबडासाठी घरट्याची पेटी लावणे हा खरा उपाय आहे. पेटीचा तळ साधारण 40 बाय 60 सेंटिमीटर, तोंड 13 सेंटिमीटर चौरस, आणि पेटी जमिनीपासून निदान 3 मीटर उंच हवी. तोंडाची खालची कड पेटीच्या तळापासून 45 सेंटिमीटर वर ठेवायला विसरू नये. पेटी उथळ असली की उडता न येणारी पिल्ले तोंडाशी येऊन खाली पडतात, आणि खाली पडलेल्या पिल्लाला आई-बाप सहसा भरवत नाहीत.

खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. त्यासाठी 12 मिलिमीटर चौकोनांची वेल्ड केलेली लोखंडी जाळी घ्यावी. ती 30 सेंटिमीटर खोल पुरावी आणि पुढची 30 सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला आडवी वळवावी. मुंगूस भिंतीलगतच उकरते. पायाखाली जाळी लागली की मागे सरून लांबून बोगदा काढायचे त्याला सहसा सुचत नाही. छोटे उंदीर 12 मिलिमीटरमधूनही शिरतात, म्हणून धान्याच्या खोलीच्या झरोक्यांना 6 मिलिमीटरची जाळी लागते.

पक्ष्यांपासून फळे वाचवायला टाकलेली मोठ्या भोकांची नायलॉन जाळी तर सापळाच ठरते. साप डोके घालतो, पुढे सरकतो, आणि मागे यायला गेला की खवल्यांत धागा रुततो. उन्हात असा साप काही तासांतच मरतो. ताणल्यावरही बोट आत जात नसेल अशीच जाळी वापरावी, ती ताणून बांधावी आणि हंगाम संपताच गुंडाळून ठेवावी. अडकलेला साप दिसला तर ओढू नये. लांबूनच सावली करावी आणि सर्पमित्राला बोलवावे.

उघड्या हौदात पडलेल्या जनावराला चढून बाहेर येता यावे म्हणून एक खडबडीत फळी तिरकी सोडावी, वरचे टोक काठावर पक्के बांधून. पाणी कितीही खाली गेले तरी फळीचे खालचे टोक पाण्यात राहील एवढी ती लांब हवी. नाहीतर उन्हाळ्यात, जेव्हा जनावरे पाण्यावर जास्त येतात, तेव्हाच ती अधांतरी लटकते. पक्ष्यांच्या पाण्याच्या थाळीत मधमाश्यांना बसायला चार दगड ठेवावेत आणि थाळी आठवड्यातून दोनदा ओतून घासावी, म्हणजे डासांच्या अळ्यांना डास व्हायला वेळ मिळत नाही.

आपल्या शेतीच्या पानावर उंदीरनाशकांचा सल्ला छापताना खाद्यसाठा आणि जाळी यांची माहितीही त्याच चौकटीत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक