खोकं पोहोचलं, मनू

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

खोकं पोहोचलं. वर तुझ्या अक्षरात 'छोटीच्या मुलांसाठी' असं होतं, म्हणून आई म्हणाली, उघडू नका. मी उघडलं. मुलांच्या हाती द्यायचं तर आत काय आहे ते बघायला नको? सगळ्यात वर ब्रश, ओळीने लावलेले, प्रत्येकाच्या टोकाला कागदाची टोपी. देऊन टाकायच्या वस्तूची कोणी एवढी निगा राखतं का, असं आईला विचारलं. ती काही बोलली नाही.

खाली जलरंगाच्या नळ्या. निळी शेपटाकडून गुंडाळत पार टोपणापर्यंत आलेली आणि पांढरी जवळजवळ न उघडलेली. पांढरा रंग कागदाचाच राखायचा असतो हे तूच मला सांगितलं होतंस, त्यामुळे त्याचं नवल वाटलं नाही.

छोटीच्या मुलांना यातलं काही दिलेलं नाही. त्यांना खडू आणून देईन. खोकं माझ्या कपाटात आहे, एवढंच कळवायचं होतं. बाकी काही लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

पण एक विचारतो. रात्री झोप लागते का? 'खोकं पाठवलंय' हा तुझा मेसेज पहाटे सव्वातीनचा आहे. असला निरोप सव्वातीनला कोण पाठवतं?

फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुम्हीच सांगा, काढायचं तरी कशासाठी?" मला पटकन काही सुचलं नाही, तोवर तू विषय आईच्या गुडघ्यावर नेलास. तेव्हापासून तो प्रश्न माझ्याच मागे लागलाय.

तुझं म्हणणं मला कळत नाही असं नाही. मुलांच्या त्या पुस्तकात शेळी हरवलेली म्हातारी पानोपानी हसेल कशी, हे तू प्रकाशकांना विचारलंस, तर पालकांना उदास चित्रं आवडत नाहीत असं उत्तर आलं. आता त्याच मंडळींनी मशीनकडून चित्रं काढून घ्यायची, आणि तू फक्त हाताला बोटं पाचच आहेत ना ते बघून दुरुस्त करायची. इतकी वर्षं हात घासून हे काम पदरात पडलं तर कोणालाही वीट येईल. मलाही आला असता. मी तर मास्तर माणूस, मी पहिल्याच दिवशी भांडून आलो असतो आणि घरी तुझ्या आईची बोलणी खाल्ली असती.

पण मशीन आलं म्हणून चित्र संपलं, हे तुझं वाक्य मला मान्य नाही. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रं काढायची रीत जाहीर झाली. त्याआधी हस्तिदंताच्या चकतीवर माणसाचा इवलासा चेहरा रंगवून देणारे चित्रकार होते. लोक ती चित्रं गळ्यात, खिशात बाळगत. पुढच्या काही दशकांत त्यांचा धंदा बसला. त्यातले काही जण फोटोंना रंग भरून द्यायला लागले. तुझ्या बोटं मोजण्यासारखंच ते. त्यांच्या पोटावर पाय आला हे खरं आहे, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण १८७४ मध्ये त्याच पॅरिसमध्ये मोने, रेन्वार, देगा या चित्रकार मंडळींनी आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं, ते नादार नावाच्या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत. हुबेहूब चेहरा काढायचं ओझं कॅमेऱ्याने उचललं होतं. हे लोक पाण्यावरचा उजेड काढत बसले. सुरुवातीला लोक हसले त्यांना. त्यातल्या कित्येकांची पुढे बरीच वर्षं ओढगस्त चालली. म्हणून सांगतो, पोट कशावर भरायचं आणि काढायचं कशासाठी, हे दोन हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेव. ऑफिसातली नोकरी घे, खुशाल घे, मी काही म्हणणार नाही. फक्त त्या नोकरीचा राग ब्रशवर काढू नकोस. माणसाने एकदा शिस्त सोडली की...

पुरे. वर्गावर उभा राहिल्यासारखा बोलायला लागलो. आई मागून वाचतेय आणि 'खोडा ते' म्हणतेय. खोडत नाही, पण माफ कर. तुला शिस्त मी काय शिकवणार.

ते प्रश्नपत्रिकेमागचं चित्र माझ्याकडे अजून आहे. तू दुसरीत होतीस. आजी सुईत दोरा ओवत होती, तिला जमत नव्हतं, आणि तू मदत करायचं सोडून समोर फतकल मारून बसलीस. माझ्या सहामाहीच्या उरलेल्या प्रश्नपत्रिका पाठकोऱ्या होत्या. आख्खी आजी सोडून तू तिचा अंगठाच काढलास. नखावरच्या उभ्या रेघा, बाजूची सुयांनी टोचून राठ झालेली कातडी, आणि दोरा मात्र कागदाबाहेर गेलेला. आजीने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, माझा अंगठा असा झालाय होय?" मग बराच वेळ स्वतःचा हात उलटसुलट करून बघत बसली. इतकी वर्षं ज्या हाताने शिवलं तो तिने त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला असावा. त्या चित्राला कोणी शाबासकी दिली नाही की बक्षीस दिलं नाही.

बक्षिसांवरून आठवलं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये एक प्रयोग सांगितला होता, लेपर नावाचा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सोबत्यांचा, १९७३ चा. बालवाडीतली, चित्रं काढायला आवडणारी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, काढाल तर रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना काढून झाल्यावर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा ते रंगीत पेन ठेवले, तर ज्यांना आधी कबूल करून प्रमाणपत्र दिलं होतं ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ त्यांच्यापाशी थांबली. तुझ्यासारखीला तर वर्षानुवर्षं प्रत्येक रेघ पैशांवर काढायला लावलेली. गोडी गेली म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. आणि मला धीर येतो तो यातल्या अचानक प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांवरून. त्यांनाही प्रमाणपत्र मिळालंच होतं, पण त्यांचं काही बिघडलं नाही. म्हणजे पैसा, कौतुक हे आपोआप विष होत नाही. ते डोळ्यांसमोर धरून काढायला बसलं की घात होतो.

झोपेसाठी डॉक्टरांना दाखवलंस का? गोळ्या नकोत म्हणत असशील तर निदान बोलून तरी ये.

कुमारांबद्दल लिहू की नको असं चाललंय माझं. तू म्हणशील, आलेच बाबा कुमार गंधर्वांवर. लहान वयात एवढं नाव, आणि ऐन विशीत क्षय. देवासला गेले आणि जवळजवळ पाच वर्षं गाणं बंद, डॉक्टरांनीच मनाई केलेली. १९५३ मध्ये ते मैफलीत परत आले याचं लोकांना कौतुक. मला मात्र ती मधली वर्षं मोठी वाटतात. अंथरुणावर पडून बाहेरून येणारी माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले. त्या धुनांमधूनच पुढे नवे राग बांधले. गाता येत नव्हतं त्या काळात त्यांनी स्वतःला संपलेला गायक समजून कान बंद केले नाहीत. एका फुप्फुसावर पुढे किती गायले, ते तू माझ्या कॅसेटींमुळे इच्छा नसताना ऐकलेलं आहेस.

तू काढू नकोस हवं तर. बघणं मात्र सोडू नकोस.

हेही उपदेशातच गेलं का? जाऊ दे.

तुझं ते म्हातारीचं पुस्तक मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो, तुला आवडत नाही तरी. त्यांनी सांगितलं म्हणून तू तिला सगळीकडे हसवलंस. पण तिच्या डाव्या मुठीत रिकामं दावं आहे, ते तू एकाही पानावर सुटू दिलेलं नाहीस. पाहणाऱ्या मोठ्या माणसांना मला ते बोट ठेवून दाखवावं लागतं. छोटीच्या धाकट्याला नाही लागलं. तो म्हणाला, "ही खोटं हसतेय, हिची शेळी कुठेय?" तुला हे फोनवर सांगायचं होतं, राहून गेलं.

आता एक काम. माईआत्याची नजर फार कमी झालीय. बारीक अक्षर आता वाचता येत नाही आणि कोणी वाचून दाखवलेलं तिला चालत नाही, तिचा स्वभाव तुला माहीत आहे. पण जाड काळी रेघ तिला दिसते. परवा भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे धडाधड वाचून दाखवले. तिला पत्र पाठवत जा, शब्दांचं नको. जाड मार्करने, कागदभर, तुझ्या खिडकीतून जे दिसेल ते. चांगलं यायला पाहिजे असं काही नाही. तिला आवडलं नाही तर ती तसं तोंडावर सांगेलच. आणि काढावंसं वाटलं नाही तर नुसता फोन कर तिला. मी विचारणार नाही.

तिचं घर बदललंय, नवा पत्ता आई मेसेज करेल. मेसेज आला की लगेच उत्तर देऊ नकोस, सकाळी दिलंस तरी चालेल. रात्री झोप.

तुझे
बाबा