मोडी वाचून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या पणजोबांच्या धाकट्या भावाची पत्रं साताऱ्याकडच्या घरी पत्र्याच्या डब्यात होती. सगळी मोडीत. घरात कुणाला ती वाचता येत नव्हती. "पोरगं फ्रान्सच्या लढाईवर गेलं आणि घर विसरलं, शेवटी पत्रसुद्धा टाकलं नाही," एवढंच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो.

ती तुम्ही नौपाड्यातल्या तुमच्या घरी, डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असताना, भिंग लावून वाचलीत. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यात पेन्सिल पुसट झालेली. जिथे लागलं नाही तिथे तुम्ही मनचा शब्द घातला नाहीत, जागा मोकळी ठेवलीत. म्हणून तर बाकीच्या प्रत्येक ओळीवर आमचा भरवसा बसला.

लष्कराचे लोक पत्रं तपासायचे, त्यामुळे गावाचं नाव कुठेच नाही. पण खजुराची झाडं, नदीतली आगबोट आणि वर लिहिलेला पलटणीचा आकडा, 117 मराठा, एवढ्यावरून तुम्ही म्हणालात, "हे फ्रान्स नव्हे, मेसोपोटेमिया. आजचा इराक."

शेवटचं पत्र शके 1837 च्या कार्तिकातलं, म्हणजे नोव्हेंबर 1915 च्या सुमाराचं. "तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार." पुढे बहिणीचं लग्न ठरलं का, पगारातून लावून दिलेले पैसे पोचतात का, तांबड्या बैलाचा खूर बरा झाला का. लढाईचं अक्षर नाही. 7 डिसेंबर 1915 ला मेसोपोटेमियातल्या कूत गावात इंग्रजांच्या फौजेला तुर्कांचा वेढा पडला आणि 29 एप्रिल 1916 ला उपाशी फौज शरण गेली. त्याची पलटण त्यातच होती. वेढ्यातल्या शिपायाचं पत्र घरी पोचणार कसं?

काका, तो घर विसरला नव्हता. हे मी आजीला सांगितलं तेव्हा तिनं बैलाची ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावली. सासूचं, आजेसासूचं गाऱ्हाणं ऐकतच ती या घरात म्हातारी झाली. तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहावर भागवलंत. पण एका वीस-बावीस वर्षांच्या पोरावरचा आळ तुम्ही उतरवलात, त्याचे आभार कसे मानू?

दिवाळीत गावी सगळी भावकी जमेल. तिथे ही पत्रं मोठ्यानं वाचायची आहेत, आणि ती तुमच्याच आवाजात व्हावीत असं आजीचं म्हणणं आहे. काकूंना घेऊन या. कळव्याहून गाडी घेऊन मी न्यायला येतो.

तुमचा,
कळव्याचा पुतण्या